बडोद्यात नवी नोकरी लागली असेल तर पहिले सहा महिने

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका इंजिनिअरिंग कारखान्याचं टाइम ऑफिस मी सांभाळते. हजेरी, रजा, गेट पास, पगाराच्या स्लिपा आणि नव्या माणसाचा पहिला दिवस, सगळं माझ्या टेबलावरून जातं. दांडिया बाजार, मांजलपूरकडची आपली मराठी मुलं येतात. जळगाव, धुळे, नाशिककडूनही बरीच येतात. काम बहुतेकांना येत असतं. तरीही काहीजण चौथ्या-पाचव्या महिन्यात राजीनामा घेऊन माझ्यासमोर उभे राहतात. कारण विचारलं तर कामाचं नसतंच. कुणीतरी सगळ्यांसमोर काही बोललं, कुणी बोलायचंच बंद झालं, एक रजा बिनपगारी लागली, ग्रुपवरचा एक मेसेज भलताच वाचला गेला. एवढ्यावरून चांगली पोरं जातात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

माझं सांगणं थोडक्यात असं आहे. शंका आली की त्याच दिवशी, त्याच माणसाला, एकट्यात विचारा. आणि पैसा, रजा, वेळ यांचं जे काही ठरेल ते त्याच दिवशी लिहून ठेवा. माणसांचं तोंडी, हिशेबाचं लेखी. यात उलटापालट झाली की बिघडतं: लोक सहकाऱ्याबद्दल मेल लिहितात आणि ओव्हरटाइमचं तोंडी सोडून देतात.

आधी कागद

नेमणूकपत्र हातात घ्या आणि घरी नेऊन शांतपणे वाचा. २१ नोव्हेंबर २०२५पासून चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत, त्यांनुसार नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक आहे. त्यामुळे मागताना संकोच नको. त्यात पगाराचा आकडा सगळेच बघतात. त्याशिवाय बघायचं ते असं: तुम्ही कंपनीच्या रोलवर, म्हणजे पटावर, आहात की कॉन्ट्रॅक्टरच्या, प्रोबेशन किती महिन्यांचं, राजीनाम्याची नोटीस किती दिवसांची, आठवड्याची सुटी कोणत्या वारी, बेसिक किती आणि भत्ते किती.

रोलचं नीट समजून घ्या. गेट तेच, कँटीन तेच, गणवेशही तोच असतो. पण कॉन्ट्रॅक्टरच्या रोलवर असाल तर तुमची रजा त्याचा सुपरवायझर मंजूर करतो, शॉपमधले, म्हणजे जिथे मशीनं चालतात त्या विभागातले, साहेब नाही. शॉपच्या साहेबांनी ‘जा’ म्हटलं म्हणून मुलं गावी जातात, आणि महिन्याच्या शेवटी दोन दिवस कापलेले दिसतात. मग साहेबांनी फसवलं असं वाटतं. साहेबांनी फसवलेलं नसतं, त्यांच्या हातात ते नव्हतंच.

स्थायी आदेश, म्हणजे स्टँडिंग ऑर्डर्स, बहुतेक ठिकाणी गेटजवळच्या बोर्डावर लावलेले असतात. गुजराती वाचता येत नसेल तर इंग्रजी प्रत मागा. उशीर किती मिनिटांपर्यंत चालतो, किती उशिरांना अर्धा दिवस जातो, न सांगता किती दिवस गैरहजर राहिलं तर नोटीस निघते, हे तिथे असतं. हे पाठ पाहिजे. बाकीचं हळूहळू कळतं.

आधी कुठे नोकरी केली असेल तर पीएफचा जुना बारा आकडी यूएएन नंबर पहिल्याच दिवशी द्या. दुसरा निघाला तर पीएफ दोन खात्यांत विभागला जातो आणि एकत्र करायला हेलपाटे पडतात. पगार २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, ०.७५ टक्के कापले जातात. ते गेले असं समजू नका, त्यावर घरच्यांचेही उपचार होतात. कार्डावर आईवडिलांची, बायकोची नावं घालून घ्या. कामगार वर्गात असाल तर ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळायला हवा. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत व्हायला हवा. आणि वर्षभरात १८० दिवस काम भरलं की दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा जमा होते. आधी हा आकडा २४० होता, त्यामुळे जुनी माणसं अजून २४०च सांगतील. त्यांच्याशी वाद घालू नका, टाइम ऑफिसात विचारा.

व्यवसाय कराचं इथे सांगते, कारण यावरून माझ्या टेबलाशी दर वर्षी कुणीतरी रागावून येतं. गुजरातेत महिना १२,०००च्या वर पगार असला की २०० रुपये कापले जातात, पुरुष असो की बाई. महाराष्ट्रात २५,०००पर्यंतच्या पगाराला बायकांना हा कर माफ आहे. नाशिकहून आलेली एक मुलगी पहिली स्लिप घेऊन आली, डोळ्यांत पाणी. तिकडच्या मैत्रिणीचे कापत नाहीत, माझेच का, मी नवी म्हणून का? तिने विचारलं म्हणून दोन मिनिटांत उलगडा झाला. विचारलं नसतं तर कंपनी चोर आहे हेच घेऊन बसली असती.

बोर्डावर न लिहिलेलं

इथे साध्या नावाने हाक मारत नाहीत. तुमच्याहून दोन वर्षांनी लहान असला तरी तो ‘भाई’, आणि बाई असेल तर ‘बेन’. वरचे लोक साहेब किंवा सर. पुण्यामुंबईच्या ऑफिसांत नुसतं नाव चालतं म्हणून इथे चालवायला जाऊ नका. समोरचा काही बोलणार नाही, पण तुम्ही त्याच्या मनातून उतरलेले असाल. तुमच्या नावापुढेही पहिल्याच आठवड्यात भाई-बेन लागेल. त्यात आपलेपणा असतो, तो घ्या.

गुजराती बोलायचा प्रयत्न करा. मोडकंतोडकं चालतं, कुणी हसत नाही. जेवणाच्या टेबलावर दोघं मराठी असतील आणि बाकी चौघं गुजराती, तर आपण मराठीत घुसून बसू नये. ते आपल्याबद्दलच बोलतात असं दुसऱ्याला वाटणं साहजिक आहे. आपल्यालाही तसंच वाटतं ना, चौघं पटपट गुजरातीत बोलून हसले की?

डब्याचा विषय नाजूक आहे, पण टाळण्यासारखा नाही. टेबलावर जैन असतील, स्वामिनारायण असतील, कांदालसूणही न खाणारे असतील. अंडं-मासे सामायिक टेबलावर उघडण्याआधी विचारा, आणि नको म्हणाले तर वेगळं बसा, मनाला लावून घेऊ नका. पर्युषणात किंवा एकादशीला कुणी तुमच्या डब्यातलं घेतलं नाही तर तो तुमचा अपमान नाही. त्याचबरोबर माझं हेही मत आहे की तुमच्या घरच्या जेवणावरून कुणी रोज टोमणे मारत असेल तर ते मुकाट सहन करायची गरज नाही. एकदा बाजूला घेऊन ‘हे मला आवडत नाही’ म्हणा. आणि दारूबंदीचं राज्य आहे हे गंमत म्हणून घेऊ नका. गावाहून येताना बॅगेत बाटली आणणं हा इथे गुन्हा आहे. ऑफिसच्या सहलीत असल्या गोष्टी विनोदानेही काढू नयेत.

पंच वेळेवर झालं म्हणजे वेळेवर आलात असं नाही. शिफ्ट आठची असेल तर आठला मशीनपाशी, बूट-गॉगल घालून. रात्रपाळीचा माणूस तुमच्या येण्याकडे डोळे लावून उभा असतो. तुम्ही आठ दहाला पोचलात तर त्याची बस चुकते, आणि तो तुम्हाला काही न बोलता दुसऱ्या दिवशी तुमच्यासाठी अर्धवट सेटिंग सोडून जातो. अशी भांडणं मी फार पाहिली आहेत, आणि त्यात दोघांनाही मूळ कारण आठवत नाही.

दुसऱ्याच्या ड्रॉवरमधलं व्हर्निअर, मायक्रोमीटर, पाना न विचारता उचलू नका. कंपनीचं असलं तरी ज्याच्या नावावर स्टोअरमधून निघालंय, हरवलं तर त्याच्याकडून जाब घेतात.

सणांच्या रजांची तर आधीपासून बेरीज-वजाबाकी करावी लागते. उत्तरायण इथे १४ आणि १५ जानेवारी असं दोन दिवस असतं, आणि दुसऱ्या दिवशीचं वासी उत्तरायणही तितकंच जोरात. नवरात्रात नऊ रात्री गरबा, त्यामुळे सकाळच्या पाळीला लोक अर्धवट झोपेत. तेव्हा कुणाच्या तुटक बोलण्याचा अर्थ लावत बसू नका. आपल्याला गणपती-गौरींना सुटी हवी असते. तर उत्तरायणाला मी थांबतो, गौरीपूजनाला तुम्ही थांबा, असा अदलाबदलीचा व्यवहार गुजराती सहकाऱ्याशी फार छान होतो. फक्त ठरलं की दोघांनी मिळून सुपरवायझरला सांगा आणि रजेच्या अर्जावर बदली माणसाचं नाव लिहा. सुटीच्या दिवशी कामावर आलात तर सी-ऑफची, म्हणजे बदली सुटीची, नोंद त्याच आठवड्यात करून घ्या. महिन्यानंतर ‘मी त्या रविवारी आलो होतो’ म्हणाल तर मलाही हजेरीत शोधावं लागतं.

दिवाळीत बरेच कारखाने लाभपंचमीपर्यंत बंद असतात. उघडल्यावर पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या जागेवर जाऊन हात मिळवून ‘साल मुबारक’ म्हणतात, वयाने मोठ्यांना वाकून नमस्कारही करतात. आपला पाडवा त्यांच्या नव्या वर्षाच्याच दिवशी येतो, पण आपल्याकडे तो घरात साजरा होतो. म्हणून आपली मुलं सरळ मशीनवर जाऊन काम सुरू करतात, आणि शॉपभर होतं की हा शिष्ट आहे. अर्धा तास द्या, पूर्ण शॉप फिरा. आदल्या वर्षीचा अबोला सोडायला याहून चांगला दिवस नाही.

लाल टॅग

गैरसमज कसा वाढतो आणि कसा मिटतो, हे एका गोष्टीवरून सांगते. जळगावचा एक डिप्लोमा झालेला मुलगा, क्वालिटीत इन्स्पेक्टर. टर्निंग सेक्शनमधून शाफ्टचा लॉट तपासणीला आला. बेअरिंग बसते तिथला व्यास ड्रॉइंगप्रमाणे २५.००२ ते २५.०१५ मिलिमीटरच्या आत पाहिजे होता. त्याने पाच नग मोजले, तीन कमी भरले. व्यास जास्त असेल तर ग्राइंडिंग करून काढता येतो, कमी असेल तर तो नग भंगारात. त्याने लाल टॅग बांधला, रजिस्टरला नोंद केली, क्रेट रिजेक्शनच्या पिंजऱ्यात ठेवला. लेखी पद्धत अगदी तशीच आहे, एक पायरी चुकली नव्हती.

सुपरवायझर चहाहून परत आले. वयस्कर माणूस, टर्निंगमध्येच केस पांढरे झालेले. आपल्या ऑपरेटरांच्या समोर पिंजऱ्यातला तो लाल टॅग त्यांना दिसला. काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून लॉट शिफ्ट संपायला पंधरा मिनिटं असताना तपासणीला येऊ लागले. दिलेलं गेज परत मिळेना. चहाचा ट्रे क्वालिटीच्या टेबलाला वळसा घालून जाऊ लागला. मुलाने अर्थ लावला: मी मराठी, बाहेरचा, मला काढायचंय. आणि बदलीचा अर्ज घेऊन माझ्याकडे आला.

मी एकच विचारलं, टॅग लावायच्या आधी त्यांना बोलावलं होतंस का? नव्हतं. कारण कागदावर तसं कुठे लिहिलेलं नाही. पण शॉपवरची रीत अशी की सुपरवायझरला टेबलाशी बोलवायचं, त्याच्या देखत एक नग मोजायचा, मग टॅग. या रीतीला नुसता मान कारणीभूत नाही. मायक्रोमीटरचा शून्य सरकलेला असू शकतो, तो तिथेच तपासला जातो. आणि मशीनचा ऑफसेट, म्हणजे मापाचं सेटिंग, चुकला असेल तर सुपरवायझर मशीन तिथल्या तिथे थांबवतो, नाहीतर कागद फिरेपर्यंत आणखी वीस नग वाया जातात.

अर्ज मी ठेवून घेतला नाही. त्याला सांगितलं, उद्या शिफ्टच्या आधी जा, एकटा जा, माझं नाव काढू नकोस. आणि माफी मागायची तर पद्धतीची माग, मापाची मागू नकोस. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बिचकलेली मुलं समोरच्याला खूश करायला ‘माझंच मोजमाप चुकलं असेल’ म्हणून टाकतात. मग पुढचा प्रत्येक टॅग संशयात येतो, आणि त्यात तुमचं काम आणि तुमचा शब्द दोन्ही जातात.

तो मायक्रोमीटर आणि त्याचा शून्य तपासायचा नमुना, म्हणजे सेटिंग मास्टर, हातात घेऊन गेला. म्हणाला, माप बरोबरच होतं, पण तुम्हाला आधी दाखवायला पाहिजे होतं, यापुढे आधी दाखवीन. ते थोडा वेळ मशीनच पुसत राहिले. मग म्हणाले, ‘पहेलां मने कहेवुं’तुं ने, भाई.’ म्हणजे, आधी मला सांगायचं होतंस ना. आणि मास्टर त्याच्या हातून घेऊन स्वतः शून्य तपासला. लॉट रिजेक्टच राहिला. चहाचा ट्रे दुपारी टेबलावर आला.

त्याने एक महिना उशीर केला होता. पहिल्याच दिवशी, गेज परत आलं नाही तेव्हाच, ‘काका, माझ्याकडून काही राहिलं का?’ एवढं विचारलं असतं तर तो महिना वाचला असता. विचारायची वाक्यं छोटीच ठेवा. ‘काल मीटिंगमध्ये माझं नाव निघालं, ते कशावरून? मला नीट कळलं नाही.’ ‘तुम्ही दोन दिवस बोलत नाही, काही झालंय का?’ आरोप नको, साक्षीदार नको, तिसऱ्याने काय सांगितलं तेही नको. अमुक म्हणत होता की तुम्ही असं म्हणालात, हे वाक्य तोंडातून गेलं की तीन माणसांचं भांडण झालं.

ग्रुपवर

व्हॉट्सॲपच्या कामाच्या ग्रुपवर प्रश्न विचारावा, तक्रार लिहू नये. साहेबांनी नुसता अंगठा पाठवला तर तो राग नाही, ते गाडीत असतात. तुमच्याबद्दल ग्रुपवर काही खटकणारं आलं तर तिथे उत्तर देऊ नका, फोन करा. पण रजा, शिफ्टबदल, जास्तीच्या तासांचं कुणी फोनवर कबूल केलं तर मागोमाग त्यालाच एक ओळ पाठवा: ‘आपण बोललो त्याप्रमाणे शुक्रवारी मी दुसऱ्या पाळीला येतो.’ यात अविश्वास नाही, उलट त्यालाही आठवण राहते.

जे गैरसमजात मोडत नाही

एकट्यात जाऊन विचारा, हा सल्ला एका ठिकाणी लागू होत नाही. कुणी अंगचटीला येत असेल, घाणेरडे मेसेज पाठवत असेल, प्रोबेशनची भीती घालून भलतं काही मागत असेल, तर मुलींनो, त्या माणसाला एकटीने भेटायला जाऊ नका आणि स्वतःला समजावत बसू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याने अंतर्गत समिती असावीच लागते. तिची अध्यक्ष बाईच असते आणि निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत. लेखी तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत करायची, सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते, आणि चौकशी ९० दिवसांत संपवायची असते. दहाहून कमी माणसं असतील किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट घरच्या कुणाकडे पाठवून ठेवा. आणि समितीतल्या बायकांची नावं बोर्डावरून आजच लिहून घ्या, गरज पडण्याआधी.

मशीनचं गार्ड काढून काम करायला सांगितलं तर तेही असंच. तिथे रीतभात बघायची नाही. ‘गार्ड लावून देतो मग चालवतो’ म्हणायचं, आणि सेफ्टीच्या साहेबांना त्याच वेळी कळवायचं.

सहावा महिना

प्रोबेशन संपलं की कायम केल्याचं पत्र आपोआप येईल असं धरून चालू नका. साहेब कामात असतात, फाइल पडून राहते, आणि मुलगा मनात धरतो की आपल्यावर नाराज आहेत. तारखेच्या पंधरा दिवस आधी सुपरवायझरला तोंडी विचारा की माझ्या कामात काय कमी आहे, आणि सांगतील ते वहीत लिहा. तारीख उलटून आठवडा गेला तर मेल टाका. एवढाच मजकूर पुरतो:

‘माननीय साहेब, माझा प्रोबेशनचा काळ अमुक तारखेला पूर्ण झाला आहे. त्याबद्दलचं पत्र कधी मिळेल ते कृपया कळवावं. काही कागद द्यायचे असल्यास मी लगेच देईन.’

खाली नाव, टोकन नंबर, विभाग. एक प्रत टाइम ऑफिसला पाठवा, म्हणजे ती फाइल आम्ही पुढे सरकवतो.